उत्तराची खुर्ची

न्यूझीलंडमधल्या टौरंगाच्या आमच्या किनारा मराठी मंडळात क्रांती झाली त्या दिवशी मी हजर होते, त्यामुळे ती कशी झाली हे मला कुणी शिकवू नये. क्रांतीला बटाटेवडे होते. ते कमी पडले. बाकी सगळं पुस्तकात असतं तसंच झालं.

क्रांती केली ती गुरुदत्त आणि निवेदितानं. दोघं नवरा-बायको, दोघं पुण्याचे, दोघं आयटीत. घर पापामोआला, समुद्रासमोर. त्यांच्या डेकवर दर रविवारी ‘मशाल क्लब’ भरायचा. चांगल्या पगाराची दहा-बारा माणसं बार्बेक्यूभोवती बसून फ्रान्सच्या राज्यक्रांतीवर बोलायची. तिथे म्हणे असेच क्लब होते. आधी क्लबात ठरायचं आणि मग रस्त्यावर व्हायचं. त्या क्लबांत एकमेकांना ‘नागरिक’ म्हणायचे, म्हणून हेही म्हणायचे. ‘नागरिक क्षितिज, जरा ती चटणी इकडे द्या.’ आडनावं सगळ्यांनी टाकून दिली होती, कारण आडनावात जात असते. ज्यांना आडनावापायी आयुष्यात कधी काही सोसावं लागलं नव्हतं, त्यांना ते टाकणंही फार जड गेलं नसावं.

मी शकु. किवीफ्रूटच्या पॅकहाउसमध्ये ग्रेडिंगच्या पट्ट्यावर उभी राहते. डागी फळ डावीकडे, चांगलं पुढे. माझ्या शेजारी द्रौपदी उभी असायची. तिचा नवरा अनुप बंदराजवळच्या एका कोल्ड स्टोअरमध्ये इंजिनीअर, मुलगी धम्मदीना इथेच जन्मलेली. मुलीला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं. द्रौपदी परभणीची. कामाला चलाख, तोंडाला तिखट, आणि एका बाबतीत पार हळवी. ती बाब म्हणजे तिचे वडील.

सुखदेवबाबा एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते आणि उरलेल्या वेळात गायक. चौदा एप्रिल जवळ आला की गावोगावच्या जयंतीला त्यांना बोलावणी यायची. समोरासमोर दोन पार्ट्या बसवून रात्रभर सवाल-जवाब चालायचे. एकानं गाण्यात प्रश्न टाकायचा, दुसऱ्यानं गाण्यात उत्तर द्यायचं. बाबा उत्तर द्यायला उठले की समोरची पार्टी पाणी मागायची, असं द्रौपदी सांगायची. आता त्यांची फुफ्फुसं गेली होती. डॉक्टरनं गाणं बंद केलं होतं. ते फोनवर दर वर्षी विचारायचे, ‘तिकडं जयंती होती का गं?’ आणि द्रौपदी दर वर्षी सांगायची, ‘होती ना बाबा. हॉल भरतो.’

हॉल भरत नव्हता, कारण हॉल मिळतच नव्हता. जयंती तिच्या दिवाणखान्यात व्हायची, सोफा सरकवून. मंडळाचे अध्यक्ष राजारामकाका. त्यांच्याकडे ती तीन वर्षं खेटे घालत होती. काकांनी तिला कधी नाही म्हटलं नाही. ‘बघू हं, बघू,’ म्हणायचे. मग कधी ईस्टर आडवा यायचा, कधी बॅडमिंटन. आणि एके दिवशी बाबा फोनवर म्हणाले, ‘एकदा तुझ्या त्या हॉलात गातो आणि मग गळा बंद करतो. तेवढं कर माझं.’ पट्ट्यावर फळं वेचता वेचता तिनं मला हे सांगितलं, आणि ती रडली. मी तिच्या वाटची डागी फळंही काढत राहिले, दुसरं काय करणार?

दोन हजार सतराच्या मे महिन्यात गुरुदत्त पॅकहाउसच्या कार पार्कमध्ये आला. आमची स्मोकोची वेळ होती, म्हणजे चहाची. हातात घरी केलेल्या स्कोन्सचा, म्हणजे गोडसर पावांचा डबा. ‘किया ओरा, नागरिक भगिनींनो,’ असा माओरी नमस्कार घालून म्हणाला. आम्ही जाळीच्या टोप्या घालून उकिडव्या बसलेलो. एकीनं विचारलं, ‘हे फुकट आहेत का?’

त्याला मंडळाच्या सर्वसाधारण सभेत राजारामकाकांना खाली खेचायचं होतं, आणि त्यासाठी मतं हवी होती. क्लबातली दहा-बारा डोकी कशी पुरणार? मतं होती ती ‘ते पुके’ नावाच्या गावातल्या किवीफ्रूटच्या बागांमध्ये, एका घरात आठ-आठ जण राहणाऱ्या पोरांकडे, रेस्टॉरंटच्या मोरीत भांडी घासणाऱ्या बायकांकडे. गुरुदत्तच्या भाषेत ‘जनता’. जनतेची आणि त्याची ओळख नव्हती. द्रौपदीची होती.

‘तुम्हाला काय हवंय?’ त्यानं विचारलं.

‘एक दिवस हॉल. चौदा एप्रिलला,’ द्रौपदी म्हणाली.

‘बस? अहो, हा तर आमचा पहिला ठराव असेल!’ त्यानं तिचा हात दोन्ही हातांत धरला. ‘ज्यांना इतकी वर्षं दाराबाहेर ठेवलं, त्यांच्यासाठीच तर ही क्रांती आहे.’

मला स्कोन कोरडा लागला. पण द्रौपदीचा चेहरा असा काही उजळला होता की मी तो चहात बुडवून गिळला.

मग ती महिनाभर दारोदार फिरली. दिवसभर पट्ट्यावर उभं राहून संध्याकाळी गाडी काढायची. कुणाला डाळ-भात नेऊन दे, कुणाच्या तापाला औषध, कुणाच्या बायकोशी बोल. पोरं तिला ताई म्हणायची. ‘ताई सांगेल तिथे बटण दाबू,’ म्हणाली. बटण नव्हतं, हात वर करायचा होता, पण भावना तीच.

सभेच्या दिवशी हॉल फुटेस्तोवर भरला. क्लबानं आदल्या रविवारी एक नवीनच प्रथा ठरवून ठेवली होती. हॉलच्या मधोमध लोकांकडे तोंड करून पांढरी प्लास्टिकची खुर्ची मांडली, पुढे माइक ठेवला. ‘ही उत्तराची खुर्ची,’ निवेदितानं जाहीर केलं. ‘इथे सत्ता बसेल आणि जनता विचारेल. उत्तराला तीन मिनिटं.’ वेळ संपल्याची खूण म्हणून तिनं मंडळाच्या कपाटातली गणपतीच्या आरतीची पितळी घंटा आणली होती. कशाला तरी उपयोगी पडू दे, म्हणाली, आणि क्लबातले सगळे हसले.

राजारामकाका बसले. सत्तरीचे, साखर वाढलेली. नाटकात भाचीलाच मुख्य भूमिका का? उत्तर द्या! पोरांना जेवायला शेवटच्या पंगतीला का? उत्तर द्या! आणि मग द्रौपदी उठली. ‘तीन वर्षं मला हॉल का दिला नाही?’ काकांचे ओठ हलले. सवयीनं तोंडातून निघालं, ‘बघू...’ सगळा हॉल खदाखदा हसला. ‘उत्तर द्या! उत्तर द्या!’ पोरं पाय आपटत होती आणि सगळ्यांत मोठा आवाज द्रौपदीचा होता. खोटं कशाला बोलू, मजा आली. म्हातारा रडायला लागला तरी आवाज थांबला नाही, वाढला. घंटा वाजली. हात वर झाले. काका पडले. नंतर ते कार पार्कमध्ये गाडीत बसून राहिले, त्यांना किल्ली फिरवता येईना, आणि दोन पोरांनी काचेतून त्यांचा फोटो काढला.

नव्या कमिटीचा पहिला ठराव हॉलचा नव्हता. तो होता सण बंद करण्याचा. मंडळ आता विचारांचं. त्यात गणपती, दिवाळी, पाडवा, जयंत्या, पुण्यतिथ्या काहीही होणार नाही. सरसकट. द्रौपदी उभी राहिली. ‘आणि चौदा एप्रिल?’

‘ताई, आपण गणपतीसुद्धा बंद केला,’ गुरुदत्त प्रेमानं म्हणाला. ‘समतेत अपवाद कसा करायचा?’

‘आणि व्यक्तिपूजा नको हे बाबासाहेबांनीच सांगितलंय ना,’ निवेदिता म्हणाली. ‘तुम्ही त्यांना जरा नीट वाचा, द्रौपदीताई. मी पुस्तक देते.’

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. द्रौपदीच्या घरी ती पुस्तकं भिंतभर आहेत. पण ती खाली बसली.

ऑगस्ट आला तशी कुरकुर सुरू झाली. गणपती नाही म्हणजे काय? क्लबातल्याच बायका रुसल्या. क्षितिजची आई मुंबईहून खास आलेली, तिनं जेवण सोडलं. गुरुदत्तनं रविवारभर विचार केला आणि त्याला ‘लोकभावना’ सापडली. गणपती परत आला, ‘जनोत्सव’ नावानं. मूर्तीला ‘शिल्प’ म्हणायचं, मोदकांना मोदकच. शिल्पाची स्थापना कशी करायची हे कुणाला नीट येईना म्हणून राजारामकाकांना सल्लागार म्हणून बोलावलं, आणि ते आले, सोवळं नेसून. पुढे दिवाळी परत आली ती ‘दीपसंध्या’ होऊन. पाडव्याला हॉलच्या कोपऱ्यात गुढी उभारली, तिच्याखाली ‘हस्तकला’ असं लिहून. श्रीखंड अप्रतिम होतं.

द्रौपदी बावळट नव्हती. तिनं जनोत्सवातच गुरुदत्तला गाठलं. ‘मग आमचाही करू. ज्ञानदिन म्हणू. माझे बाबा गातील.’

‘छान कल्पना आहे,’ तो मोदक खात म्हणाला. ‘बघू.’

तो ‘बघू’ मी ऐकला होता. तिनंही ऐकला होता. पण माणसाला जे हवं असतं ते ऐकू येतं. तिनं बाबांचा व्हिजा केला, तिकीट काढलं. मार्चच्या शेवटी बाबा आले. हडकुळे, उंच, खांद्यावर निळा दुपट्टा, आणि सामानात कपड्यांपेक्षा जास्त जागा डफानं घेतलेली. विमानतळावरच त्यांनी विचारलं, ‘हॉल कुठंय?’

हॉल चौदा एप्रिललाच भरणार होता, पण कमिटीच्या कामासाठी. त्या शनिवारी मंडळाची नवी घटना मंजूर करायची होती. ‘त्या दिवशी तसंही काही नव्हतं,’ निवेदिता म्हणाली. द्रौपदीनं मग स्वतःच ठरवलं. सभेआधी तासभर सगळ्यांना बोलवायचं, बाबा गातील, खीर होईल, मग करा तुमची सभा. पुन्हा ती ते पुकेला फिरली. पोरं ‘हो ताई’ म्हणाली. पण त्यांच्यातल्याच कुणीतरी ते क्लबात पोचवलं. का, ते सांगते. क्लबानं वर्षभरात ‘जनसाहाय्य’ काढलं होतं; व्हिजाचे अर्ज निवेदिता तपासून द्यायची, नोकरीसाठी गुरुदत्त शब्द टाकायचा. आता डाळ-भातावर पोरांचं भागत नव्हतं.

शनिवारी सकाळी मंडळाच्या व्हॉट्सॲपवर मेसेज आला. ‘समांतर कार्यक्रम आखून गटबाजी केल्याबद्दल आणि व्यक्तिपूजेला उत्तेजन दिल्याबद्दल नागरिक द्रौपदी यांनी आज खुर्चीवर उत्तर द्यावे. आधीचा कार्यक्रम होणार नाही.’

मी तिच्या घरी धावले. ती खीर ढवळत होती. आतल्या खोलीत बाबा डफ शेकत होते, गुणगुणत होते, मधेच खोकत होते.

‘त्यांना सांगितलंस?’ मी विचारलं.

‘काय सांगू?’ ती म्हणाली. ‘पाच वर्षं खोटं बोलले हे सांगू? तीन मिनिटं मिळतील ना मला. हात जोडीन सगळ्यांपुढं. पोरं माझी आहेत, शकु. पोरं ऐकतील. एक गाणं म्हणू द्या म्हणीन.’

‘नको जाऊस.’

‘मग त्यांना कुठं नेऊ? दिवाणखान्यात?’

अनुपची त्या दिवशी ड्यूटी होती. गाडीत मी, द्रौपदी, धम्मदीना आणि पुढच्या सीटवर डफ मांडीवर घेतलेले बाबा. पांढरा शर्ट कडक इस्त्रीचा.

हॉल गच्च होता. बाबा दारातच थबकले. त्यांचे डोळे भरून आले. ‘लई माणूस जमलंय की गं,’ म्हणाले. ‘मला वाटलं तू आपली बापाचं मन राखायला सांगतीस.’

द्रौपदीनं त्यांना पहिल्या रांगेत माझ्याजवळ बसवलं आणि ती खिरीचं पातेलं ठेवायला किचनमध्ये गेली. तेवढ्यात क्षितिजनं पांढरी खुर्ची आणून मधोमध ठेवली, माइक लावला आणि ठकठक करून पाहिला. लोकांकडे तोंड करून मांडलेली रिकामी खुर्ची, पुढे माइक, समोर भरलेली सभा. ज्या माणसानं आयुष्यभर अशाच जागी बसून रात्री जागवल्या, त्याला दुसरं काय वाटणार? मी त्यांचा हात धरायच्या आत ते उठले. डफ घेऊन ताठ चालत गेले, खुर्चीला हात लावून कपाळाला लावला आणि बसले.

हॉलमध्ये खसखस पिकली. गुरुदत्तनं क्षणभर भुवया उंचावल्या आणि मग तोही हसला. ‘चला, आज कुटुंबच उत्तर देतंय.’

‘आजोबा, तुम्ही उठा तिथून,’ मी म्हणाले, पण मागून एका पोरानं तोंडाजवळ हात धरून आरोळी ठोकली, ‘उत्तर द्या!’ गंमत म्हणून. लगेच दुसऱ्यानं. मग सगळी रांग पाय आपटायला लागली. उत्तर द्या! उत्तर द्या! ही तीच पोरं, ज्यांना द्रौपदीनं हे ओरडायला शिकवलं होतं.

बाबांचा चेहरा फुलला. सवाल टाकला होता ना समोरच्या पार्टीनं! त्यांनी मान तुकवली, डफावर थाप मारली आणि गायला सुरुवात केली.

आवाज फाटका होता, पण त्यात काहीतरी होतं, माझ्या अंगावर काटा आला. ‘तहान आमची जुनी, तळ्याला फुटली वाचा,’ असं ते गात होते, आणि प्रत्येक ओळीला श्वास पुरत नव्हता, तरी ते ओळ सोडत नव्हते. किचनच्या दारात द्रौपदी उभी. हात ओले. ती पुढे येईना, मागे जाईना. तिला काय वाटत होतं ते मला दिसत होतं: गाताहेत, गाऊ देत, जेवढं होईल तेवढं.

घंटा वाजली. बाबांनी आणखी जोर केला. त्यांना वाटलं टाळ धरला कुणीतरी. निवेदितानं पुन्हा घंटा वाजवली, मग क्षितिजला खूण केली आणि त्यानं माइक बंद केला. आवाज एकदम लहान झाला, मागच्यांनी मोबाइल काढले. बाबा माइकशिवाय गात राहिले. शेवटी खोकला आला आणि थांबेना. ते खुर्चीवर वाकून खोकत होते आणि गुरुदत्त त्यांच्या डोक्यावरून सभेला म्हणत होता, ‘उत्तर समाधानकारक आहे असं मला वाटत नाही. भावनेनं प्रश्न सुटत नाहीत. ठराव असा, की नागरिक द्रौपदी यांचं सदस्यत्व रद्द करण्यात यावं. बाजूनं असलेल्यांनी हात वर करा.’

पहिला हात राजारामकाकांचा. तो इतक्या झटकन वर गेला की जणू वर्षभर तिथेच होता. मग क्लबाचे हात. मग ते पुकेची पोरं. एकमेकांकडे बघत, खाली मान घालून, पण हात वर. ज्याच्या तापाला तिनं औषध नेलं होतं त्याचाही. मी ओरडले, ‘लाज वाटते का रे कुणाला?’ माझ्याकडे कुणी पाहिलं नाही.

बाबांनी खोकला आवरून मान वर केली. समोर हातच हात. अख्खा हॉल हात उंच करून उभा राहिलाय असं त्यांना दिसलं. गावाकडे जयभीमचा गजर होताना होतात तसे. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते कसेबसे उठले आणि त्यांनीही आपला हात वर केला, सगळ्यांत उंच.

‘बघा,’ निवेदिता म्हणाली, ‘वडीलही बाजूनं आहेत.’ हॉल पुन्हा हसला. माझा विरोध त्यांनी तटस्थ म्हणून धरला. ठराव एकमतानं मंजूर झाला.

द्रौपदी आली, तिनं वडिलांच्या काखेत हात घालून त्यांना धरलं. खिरीचं पातेलं तिथेच राहिलं. आम्ही बाहेर पडताना मागे खुर्च्या सरकल्याचे आवाज येत होते. घटनेवरच्या सभेआधी सगळे खिरीकडे निघाले होते.

गाडी निघाली. बाबा खिडकीतून बंदरावरच्या क्रेन बघत होते. मग म्हणाले, ‘चांगले लोक आहेत तुमचे. गाणं पुरं झालं नाही, तरी सगळ्यांनी हात वर केले. आता गळा बंद केला तरी चालंल.’

‘हो बाबा,’ द्रौपदी म्हणाली.

मागे माझ्याशेजारी धम्मदीना बसली होती. तिचं तोंड लाल झालं होतं. ती रडत ओरडली, ‘नो, आबा! दे किक्ड मम आउट! ॲण्ड यू पुट युअर हँड अप टू!’

बाबा हसत मागे वळले. ‘काय म्हणती पोरगी?’

द्रौपदीनं गाडी चालवत समोरच बघितलं. ‘म्हणती, आबांचा हात सगळ्यांत वर होता.’